एकोणिसाव्या आणि विसाव्या पायरीच्या मध्ये

दा नांग शहरातल्या त्या कचेरीत साडेअकराला जेवण, बाराला दिवे बंद. टेबलांखालच्या घडीच्या खाटा बाहेर यायच्या आणि दीडपर्यंत सगळी कचेरी झोपायची. पडद्यांतून गाळून आलेला हिरवट उजेड, पंख्याची घरघर. माणसं पाण्याच्या तळाशी निजलीत असं वाटायचं.

उयेन जागी होती. मासेमारी बोटींच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं बिल्ड सहा वर्षं तीच हाताने करत आली होती. सगळ्यांनी लिहिलेले तुकडे गोळा करायचे, जोडायचे, तपासायचे, बोटींवरच्या फोनांना धाडायचे. एकतीस पायऱ्या, पुरा एक दिवस. एकही पायरी तिने कधी गाळली नाही. पण तो दिवस तिच्यावाचून निघत नसे, आणि वडिलांचं श्राद्ध दोन वर्षं नेमकं त्याच दिवशी आलं. यंदाही बिल्ड आणि श्राद्ध दोन्ही उद्याच होतं. गावी, ह्वेला, आई वाट बघत होती. मशीनने आज आपलं आपण बिल्ड करून दाखवलं, तरच साहेब रजा देणार होते.

पायऱ्या तिने मशीनला लिहून दिल्या होत्या. सकाळपासून चार वेळा चालवलं. चारही वेळा विसाव्या पायरीवर लाल.

"ताई, त्याला तुझ्या हाताची सवय आहे," शेजारच्या खाटेवरून ताम पुटपुटला. "जरा गोंजार की."

"झोप रे तू."

"झोपलोच आहे. हाताने करतेस तेव्हा एकोणीस झाल्यावर काय करतेस?"

"काय करणार? जेवते, झोपते."

बोलली आणि ताडकन उठून बसली.

एकोणिसाव्या पायरीला चाचणीसाठी जुन्या नोंदी भरायला लावायच्या. त्याला पाऊण तास लागायचा. ती झोपलेली असताना ते काम निमूटपणे उरकायचं. सहा वर्षांत तिने ते पाहिलंच नव्हतं. मशीन कुठलं झोपायला? ते अर्धवट नोंदींवरच विसाव्या पायरीची चाचणी लावत होतं.

'तासभर थांब' एवढं लिहून भागलं असतं. तिने तसं केलं नाही. शेवटची नोंद बसली का बघ, बसली तरच पुढे जा, असं लिहिलं, चालू केलं आणि आडवी झाली.

डोळे मिटले तशा बोटी एकेक करून येऊ लागल्या, आवाज न करता, धुक्यासारख्या. ती मोजत राहिली.

"ताई! ऊठ, हिरवं!" ताम खाट हलवत होता. "एकतीसच्या एकतीस!"

संध्याकाळच्या गाडीतून तिने आईला फोन लावला.

"उद्याचा नैवेद्य मी करते."

"आणि तुझं काम गं?"

"ते होतंय."