दिघोरीवालीचं नाव

ज्या कादंबरीनं मला रडवलं, तिच्यात माझ्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. पुढे कधीतरी येणाऱ्या काळातलं एक शहर. तिथल्या सरकारनं लोकांची नावंच काढून घेतलेली. जो जे काम करतो तीच त्याची हाक: दळणारी, झाडणारा, भट्टीवाला. जुनं नाव तोंडातून निघालं की कैद. आमचे हे करडीच्या शाळेत मास्तर; त्यांनी ती तालुक्याच्या वाचनालयातून स्वतःसाठी आणली होती. हे शाळेत गेले की दुपारी मी वाचायची. सत्तरचं दशक संपायला आलं होतं, तरी सासूबाईंच्या मते बाईनं वाचणं म्हणजे डोळे फोडून घेणं.

एका पानावर मी थांबलेच. भट्टीवाला दळणारीला विचारतो, "तुझं आधीचं नाव काय होतं?" आणि तिला ते आठवत नाही.

अरे बाप्पा! हे तर माझंच की. लग्नात ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वा वा केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. माहेरचं नाव दिघोरीला राहिलं. बरं, नवं नाव तरी कोणी घ्यावं? तेही नाही! गावाला मी 'दिघोरीवाली', सासूबाईंना 'मोठी', आणि यांना नुसती 'ओ, ऐकलं का'. जुन्या नावानं हाक मारणारी एक माझी माय उरली होती, ती ही कादंबरी घरात आली त्याच वर्षी गेली. आता ते नाव कोणाच्याच तोंडी नव्हतं. त्याचं मला एवढं दुःख आहे, हे ती कादंबरी वाचेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

त्या लेखकाचं मला आजही फार कौतुक वाटतं. त्यानं त्या दोघांना एकमेकांचा हातसुद्धा धरू दिला नाही. भट्टीवाला पाव भाजता भाजता हळूच एकेक नाव म्हणून बघतो, हे होतं का, ते होतं का, आणि ती मान हलवते. बस, एवढंच प्रेम. पण काय लिहिलंय! शेवटी त्याला धरून नेतात, आणि तेव्हा तिला नाव आठवतं. ऐकायला तो नसतो. मी पुस्तक मिटलं आणि निवडायच्या तांदळाचं सूप मांडीवर घेऊन रडत बसले.

तेवढ्यात हे शाळेतून आले. "काहून रडून राहिली वो?"

"तुमच्या पुस्तकानं रडवलं. त्या भट्टीवाल्यानं तिले नाव तरी विचारलं. तुमाले मालूम हाय का, मी पहिले कोण होती?"

हे टोपी खुंटीला अडकवून हातपाय धुवायला गेले. मी समजले, नाही मालूम. असा राग आला की त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सासूबाई शेजारणीबरोबर धान वाळत घालत होत्या. मी आत चुलीपाशी. शाळेला निघताना यांनी दारातून हाक मारली. माझ्या माहेरच्या नावानं! चांगली मोठ्यानं, वर्गात हजेरी घेतात तशी. लग्नपत्रिकेत एकदा वाचलेलं ते नाव त्यांनी इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं.

सासूबाई ते नाव कधीच्याच विसरल्या होत्या. त्या कडाडल्या, "कोण हाय रे हे बाई? घरात सून असून तू कोनाले बलावून राहिला?" शेजारणीनं तोंडाला पदर लावला. अख्ख्या शाळेला दटावणारा माणूस, पण "अवो माय, तसं नाही," याच्यापुढे त्यांची गाडी सरकेना.

मी ओ दिली असती तर भानगड तिथंच मिटली असती. पण खरं सांगू? मला ती हाक अजून एकदा ऐकायची होती.

यांनी पुन्हा मारली. या वेळी आवाज जरा रडवेला होता.

"आली जी!" मी ओरडले आणि पिठाच्या हातानंच दारात आले.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "हे काय वो? तू कोनाच्या नावाले ओ देऊन राहिली?"

"माह्या," मी म्हटलं. "माह्याच नावाले."