तिघांचा पाठिंबा

आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत अकरा माणसं. त्या वर्षीच्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. अध्यक्षांच्या गटाचे ते धरून पाच, विरोधी गटाचे तीन आणि आमचे तीन. आम्ही म्हणजे नांदेड-परभणीकडून हैदराबादला येऊन स्थिरावलेल्या बौद्ध घरांतली माणसं. काचीगुड्यात राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, कुकटपल्लीचा एक सॉफ्टवेअरवाला तरुण, आणि मी. माझी विमा कंपनीत नोकरी, घर चिक्कडपल्लीत. आम्हा तिघांच्या पाठिंब्यावर अध्यक्ष खुर्चीत बसले होते.

पाठिंबा देताना आमची मागणी एकच होती. एप्रिलमधली आमची जयंती मंडळाचा कार्यक्रम म्हणून व्हावी. मंडळ गणपती बसवतं, संक्रांतीचं हळदीकुंकू करतं, कोजागिरीला दूध आटवतं. जयंती आली की मात्र आम्ही हॉल भाड्यानं घ्यायचा, खुर्च्या आम्हीच मांडायच्या आणि संध्याकाळी चावी परत करायची. अध्यक्ष तेव्हा "हौ, करू की" म्हणाले होते.

वर्षाचे कार्यक्रम ठरवायची सभा भरली आणि सगळी यादी वाचून झाली. जयंती त्यात नव्हती. मी विचारलं, तर अध्यक्ष म्हणाले, "ताई, हॉल तुमचाच आहे. भाड्यात सवलत देऊन टाकू."

मी शांतपणे बोलायचं ठरवून आले होते. पण सवलत हा शब्द ऐकला आणि तोंडातून निघून गेलं, "सवलत नको. यादीत नाव येत नसेल तर आम्ही तिघं पाठिंबा काढून घेतो."

काका माझ्याकडे बघतच राहिले. कुकटपल्लीच्या पोरानं हातातला मोबाइल खाली ठेवला. या दोघांनाही मी काहीच विचारलं नव्हतं.

सभा संपल्यावर जिन्यात काकांनी मला थांबवलं. "पोरी, निदान सांगायचं तरी होतंस."

"चुकलं का माझं?"

"चुकलं म्हणत नाही मी. पण जातो म्हणणाऱ्यानं जायची तयारी ठेवावी लागते. आहे का आपली?"

पोरगा म्हणाला, "माझी आहे, काका. पण जाऊन जायचं कुठं?"

त्याचं उत्तर संध्याकाळीच फोनवरून आलं. विरोधी गटाचे प्रमुख बोलत होते. आवाजात साखर घोळलेली. "ताई, इकडे या. सेक्रेटरीपद तुमच्याकडे देतो. अध्यक्षांना खाली उतरवू."

"आणि जयंती?"

"ते नंतर बघू. आधी या तर खरं!"

काकांना हे सांगितलं तर ते हसत सुटले. "पाठिंबा मागताना अध्यक्षही असंच गोड बोलले होते." मग गंभीर होऊन म्हणाले, "पण आता माघार नक्को. तू बोललीस ते आपण तिघं बोललो, असंच धर." त्या वाक्यानं माझ्या मनावरचं ओझं अर्धं उतरलं.

पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. बघते तर अध्यक्ष, एकटेच. देगलूरकडच्या शेतकरी घराण्यातला माणूस, काचीगुड्यात धान्याचं दुकान. इतक्या वर्षांची ओळख, पण आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. मी चहा ठेवला. चहा आल्यावर ते तो पूर्ण प्यायले, मग बोलले.

"खुर्चीचं मला काही नाही, ताई. पण माझ्या गटातले दोघं अडून बसलेत. म्हणतात, आज हे, उद्या काय."

"उद्या काय म्हणजे, भाऊ?"

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "एक विचारू? राग मानू नका. त्या दिवशी तुम्ही नेमकं काय करता?"

राग आलाच होता. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लक्षात आलं, की या माणसाला खरंच माहीत नाही. मी सांगितलं. सकाळी पांढरे कपडे घालून वंदना. मग मुलांची भाषणं. मोठं कुणीतरी बोलतं. दुपारी जेवण, खीर. संध्याकाळी गाणी.

"बस्स?"

"बस्स."

"मग आमची माणसं बिचकतात कशाला?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. त्याचं उत्तर मी द्यायचं नव्हतं. मी माझ्या मनातलं तेवढं बोलले.

"भाऊ, आम्हाला कुठंच जायचं नाही. माझी मुलगी तेलुगू फडाफडा वाचते, मराठी वाचायची म्हटलं की अडखळते. मंडळ सुटलं तर घराबाहेर तिच्या कानावर मराठी पडणार कुठं? पण पाहुण्यासारखं राहायचं नाही आम्हाला."

ते उठले. दारात चपला घालता घालता म्हणाले, "मतदान घेतो. हरलो तर तुमच्याबरोबर मीही बाहेर."

आणि खरंच घेतलं. त्यांच्या गटातला एकजण सभा सोडून उठून गेला, एकानं विरोधात मत दिलं. आमचे तीन, त्यांचे तीन, सहा मतं झालीच होती. तेवढ्यात विरोधी गटातल्या एका बाईंनी हात वर केला. त्यांचे प्रमुख डोळे वटारून बघायला लागले, तशा त्या म्हणाल्या, "असे काय बघता? जयंती अडवायला नव्हतं मला लोकांनी निवडून दिलं."

ठराव मंजूर झाला. जिन्यात काकांनी चष्मा काढून पुसला आणि खूप वेळ पुसतच राहिले.

एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. हॉलवर पोचलो तर खुर्च्या आधीच मांडलेल्या, दाराला फुलांची माळ. अध्यक्ष पांढरा शर्ट घालून दारात उभे होते. शेजारी त्यांच्या पत्नी. अडून बसलेले दोघं आले नाहीत. त्यांच्यापैकी एकाची बायको आली, शेवटच्या रांगेत बसली आणि जेवून गेली.

माझ्या मुलीनं भाषण केलं. हातातल्या कागदावर मराठी वाक्यं तेलुगू अक्षरांत लिहिलेली होती, हे फक्त मला माहीत होतं. दोनदा अडली, पण थांबली नाही. खाली उतरली तेव्हा अध्यक्षांच्या पत्नीनं तिला जवळ ओढलं. "छान बोललीस गं. आमच्या नातीलाही शिकव की. तिला तर नुसतं ऐकून समजतं, बोलता येत नाही."

"पण काकू, मलाच कुठं नीट येतं!"

"मग दोघी मिळून शिका."

आता रविवारी ती नात आमच्या घरी येते. स्वयंपाकघरात मी पोळ्या लाटते आणि बाहेरच्या खोलीत त्या दोघी बाराखडीवरून भांडत असतात. 'ळ' कुणाला नीट म्हणता येतो, यावरून भांडण सगळ्यात जोरात होतं. दोघींनाही तो छान येतो, तेलुगूतही आहेच ना तो.