गहिनीतात्यांची पट्टी

मिरजगावच्या स्टँडसमोर गहिनीनाथ तात्यांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक तिथं गाणी भरायला यायचे हे खरं, पण तात्यांनी कुणाची कशी सालटी काढली ते ऐकायलाही यायचे. त्यांच्या बायकोचं नाव कडूबाई, आणि सगळा कडवटपणा मात्र नवऱ्याच्या जिभेवर. भजनी मंडळाची कॅसेट हातात आली की म्हणायचे, ह्यांच्या देवाला कान नसावेत, असते तर केव्हाच गाव सोडून गेला असता. सिनेमाच्या गाण्यांबद्दल त्यांचं मत होतं की एक गाणं चोरायचं आणि त्याचे कपडे बदलून वर्षभर फिरवायचं. पुढाऱ्यांची भाषणं ते भरून द्यायचे, पण भरताना मशीनचा आवाज बंद ठेवायचे.

त्यांच्या नापसंतीची एक ठरलेली रीत होती. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक खिडक्या असतात. त्या उघड्या असल्या की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. कंपनीच्या विकत मिळणाऱ्या कॅसेटी अशा उघड्या खिडक्यांच्याच येतात. पण त्या खिडक्यांवर चिकटपट्टी लावली की झालं, आतलं पुसून वर हवं ते भरा. तात्या नवी कॅसेट आणत, एकदा ऐकत आणि बहुतेक वेळा पट्टी लावून मोकळे होत. मोठमोठ्या गायकांच्या कॅसेटी पट्टी लागून कुणाच्या तरी बारशाची गाणी पोटात घेऊन गेल्या होत्या. बिनपट्टीच्या कॅसेटी एका छोट्या फळीवर असत, आणि ती फळी कधी भरली नाही. पुढं पुढं गावात बोलीच पडली. एखाद्याचं लग्न मोडलं, कुणी निवडणुकीत आपटला, तर लोक म्हणत, त्याला पट्टी लागली.

अशा गावात म्हेंदरची कॅसेट आली. म्हेंदर म्हणजे महेंद्र, बौद्धवाड्यातल्या भामाबाईचा मुलगा. वडील लहानपणीच गेलेले. भामाबाईनं खुरपणी करून, सडकेवर खडी फोडून त्याला शिकवलं. साखर कारखान्यात तो दोन हंगाम रोजंदारीवर होता. त्या काळात टीव्हीवर रॅप नावाचा प्रकार नवा नवा आला होता. म्हेंदर त्यात शिरला, पुण्याच्या कुठल्या तरी स्टुडिओत जाऊन आला आणि शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात 'वणव्याची वाणी' नावाची कॅसेट घेऊन गावात उतरला. कव्हरवर तो काळा चष्मा घालून विहिरीच्या कठड्यावर पाय ठेवून उभा होता. विहीर कोरडी होती, पण ते फोटोत दिसत नव्हतं.

मग जे कौतुक सुटलं त्याला काही ताळतंत्र राहिलं नाही. मराठीत असं आजवर झालंच नाही, असं ज्यांनी आजवर मराठीत काहीच ऐकलं नव्हतं ते सांगू लागले. सरपंचांनी चौकात सत्कार ठेवला. त्यांनी कॅसेट ऐकलेली नव्हती, आणि भाषणात त्यांनी महेंद्रच्या गोड गळ्याची स्तुती केली. रॅपमध्ये गळ्याचं काम काय असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तरुण मंडळानं फलक लावला, त्यात महेंद्रपेक्षा मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो मोठा होता. नगरच्या पेपरात एका प्राध्यापकांनी लांबलचक लेख लिहिला. पहिल्याच कॅसेटला अभिजात कलाकृतीचा मान द्यावा लागेल, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. एकच खोट त्यांना सापडली. एका गीतात 'पाणी' ऐवजी 'पानी' असा ग्राम्य उच्चार राहून गेला आहे, तेवढा पुढच्या आवृत्तीत सुधारावा, अशी त्यांनी सूचना केली होती.

तात्यांनी तो पेपर भज्यांच्या तेलानं भिजलेला वाचला आणि बाजूला ठेवला. ते सत्काराला गेले नव्हते. जे आठ दिवसांत अजरामर होतं ते नवव्या दिवशी मरतं, एवढंच ते म्हणाले. गावानं हे मनावर घेतलं नाही. पण सगळं गाव तात्यांनी ती कॅसेट ऐकायची वाट बघत होतं, आणि तात्या मुद्दाम ऐकत नव्हते. गाव ताटकळत असलेलं त्यांना आवडायचं, हेही खरं.

सत्कारानंतर दोन-चार दिवसांनी भर दुपारी भामाबाई दुकानात आली. हातात तोच पेपर, घड्या घालून घालून चिरगुटासारखा झालेला. ती पायरीवरच उभी राहिली. तात्यांनी स्टूल पुढं सरकवलं तेव्हा बसली.

"तात्या, अभिजात म्हंजी काय वो?" तिनं विचारलं. "नवबौद्ध लिहून आनायला आमी तहसिलीत लई हेलपाटं घातलं. आता पेपरवाल्यांनी ही दुसरीच जात लिवली. म्हेंदरच्या सर्टिफिकिटाला काय व्हनार न्हाई ना?"

तात्या हसले नाहीत. गावात हसण्यासारखी माणसं पुष्कळ होती, त्यांच्यात ही बाई नव्हती. अभिजात म्हणजे कायम टिकणारं, पिढ्यान्‌पिढ्या लोक ऐकतील असं, असं त्यांनी समजावून सांगितलं. सर्टिफिकिटाशी त्याचा संबंध नाही, आणि ते लिहिणाऱ्याचा गाण्याशी संबंध नाही, असंही सांगितलं.

तिला बरं वाटलं. मग खरं काम निघालं. कारखान्यानं म्हेंदरला कायम केलं होतं. सोमवारी हजर झाला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि म्हेंदर म्हणत होता, मी आता कारखान्यात जात नाही, मुंबईला जातो, पेपरात लिहून आलंय माझं. सरपंच त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते, प्राध्यापक खालून टाळ्या वाजवत होते. पडल्यावर यातलं कुणी उचलायला येणार नाही, हे त्या बाईला न शिकता कळत होतं.

"समदी चांगलंच म्हनत्यात," ती म्हणाली. "तुमी कुनाला चांगलं म्हनत न्हाई. म्हनून तुमच्याकडं आले. ऐका आन खरं सांगा. त्यानं जावं का ऱ्हावं?"

तात्यांनी आणून नुसती ठेवलेली ती कॅसेट मशीनमध्ये घातली. पहिली बाजू सुरू झाली आणि त्यांच्या कपाळावर जी आठी चढली ती उतरेना. 'मी वादळ, मी वीज, मी वणव्याचा बाप, माझ्यासमोर उभं राहायची कोणाची टाप.' मागं डबा बडवल्यासारखा ठेका आणि म्हेंदर बोलत होता, एस.टी. सुटता सुटता खिडकीतून पत्ता सांगणाऱ्या माणसासारखा. प्रत्येक गाण्यात तोच वाघ होता, तोच सिंह होता, तोच तुफान. मिरजगावच्या पोरानं 'हाय' टाकून 'आहे' धरलं होतं, तोंडातला सगळा मुलूख घासून काढला होता. त्याच्या जागी पुण्याचा एक ण आणून बसवला होता, तोही सैल. तात्यांना राग आला. वाईट गाण्याचा त्यांना राग येत नसे, कंटाळा येत असे. हा राग होता, कारण पोराला आवाज होता आणि त्यानं तो दुसऱ्याच्या घरी गहाण टाकला होता. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं पुटपुटत त्यांनी बाजू उलटली.

दुसऱ्या बाजूलाही वाघच होते. चिकटपट्टीचं रीळ तात्यांनी ड्रॉवरमधून काढून ठेवलं. तेवढ्यात ठेका थांबला आणि नुसता लोखंडाचा कुईकुई आवाज आला, हापसा हापसल्याचा. त्याच्यावर म्हेंदर हळू बोलू लागला.

'हाप बाई हाप, पानी न्हाई कुनाच्या बापाचं,
वर आलं तर लेकराचं, खाली ऱ्हायलं सापाचं.'

तात्यांचा हात रिळावरच राहिला. गाणं छोटंसं होतं. उन्हात लागलेली रांग, हात पोळवणारा दांडा आणि दर कडव्याला ते 'पानी' परत यायचं. दांडा खाली जाईल तसा शब्द, वर येईल तसा श्वास. त्यात एकही वाघ नव्हता. गाणं संपलं तसं तात्यांनी मागं नेऊन पुन्हा लावलं. आणि पुन्हा लावलं. अंगावर काटा आला होता आणि तो लपवायला त्यांनी उगाच मशीन पुसलं. आता हे पुढच्या आवृत्तीत सुधारायचं म्हणे. सुधारायला हवं होतं ते प्राध्यापकांचं डोकं.

त्यांना मनापासून आनंद झाला होता. असा आनंद त्यांना फार दिवसांत झाला नव्हता, म्हणून तो नीट सांगताही येईना.

"भामाबाई, बाकी समदी घान हाय," ते म्हणाले. "पन ह्ये एक गानं खरं हाय. ज्याला असं एक करता येतं त्याला आनिक बी येतील. जाऊ द्या त्याला ममईला. मी सांगतो म्हनून जाऊ द्या."

भामाबाईचा चेहरा उजळायचा तो उतरला. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ह्ये त्याचं न्हाई, तात्या," ती म्हणाली. "ह्ये माजं हाय. त्यो कडंवर असायचा तवा हापशावर म्हनायचे मी. रांगंतल्या बायांनी मागं सरकवलं की म्हनायचे. त्यानं तिथलंच उचललं. बाकीची त्याची हायेत."

गाणं तिचं आहे, कॅसेटवर तिचं नाव असायला हवं, असं तात्या काहीतरी म्हणू लागले. तिनं ते पुरं होऊ दिलं नाही. तिला नाव नको होतं, तिला सोमवार हवा होता.

"त्यो येनार हाय तुमच्याकडं, आजच," ती म्हणाली. "ते एक चांगलं म्हनलात तर त्यो तेवढ्यावर जाईल. आन तितं गेल्यावर दुसरं कुटनं आननार? माज्याकडं आनिक न्हाई. तुमी समदंच भिकार म्हना. येक बी ठिवू नका."

तात्यांनी आयुष्यात वाईटाला चांगलं म्हटलं नव्हतं. देवाला नाही, पुढाऱ्याला नाही, सख्ख्या मेव्हण्याच्या तमाशालाही नाही. पण चांगल्याला वाईट म्हणायची पाळीही त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते नाही म्हणाले. भामाबाई उठली नाही, आर्जवही केलं नाही, नुसती बसून राहिली. उन्हं कलली तरी ती तिथंच होती, आणि त्या बसण्यापुढं तात्यांचं काही चालेना.

म्हेंदर आला तो चष्मा लावूनच. आईला तिथं बघून थबकला, मग फळीकडं नजर टाकून हसला. आपली जागा तो बघून ठेवत होता. "काय तात्या, ऐकली का?" त्यानं विचारलं. आवाजात ऐट होती, पण मांडीवर बोटं वाजत होती ती भीतीनं, हे तात्यांना दिसलं. एवढी शाबासकी पोटात जाऊनही पोरगं उपाशी होतं.

तात्यांनी मशीनमधून कॅसेट काढली. रिळातून पट्टी फाडली आणि एक खिडकी बुजवली, मग दुसरी. पट्टीवरून अंगठा फिरवताना त्यांनी वर पाहिलं नाही. कारखान्यात जा, असं ते म्हणाले. हे तुझं काम नव्हे.

म्हेंदरचा चेहरा पांढरा पडला. त्यानं चष्मा काढला तेव्हा तो एकदम लहान दिसू लागला. पेपरवाले, सरपंच, सगळ्यांची नावं त्यानं भराभर घेतली, आणि तात्या पट्टीच दाबत राहिले तसा त्याचा आवाज खाली खाली येत गेला.

"ते पानीचं बी?" त्यानं शेवटी विचारलं. 'पानी'च म्हणाला.

"ते तर समद्यात भिकार," तात्या म्हणाले.

म्हेंदरनं आईकडं पाहिलं. निदान ती तरी नाही म्हणेल, असं त्या नजरेत होतं. भामाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठून उभी राहिली.

"व्हय रं बाळा," ती म्हणाली. "मला बी ते कवाच आवडलं न्हाई."