सहा मेंढ्यांतली एक

न्हावऱ्याच्या भैरूआबांनी शाळेची पायरी कधी चढली नाही, पण एकदा बघितलेलं मेंढरू ते जन्मात विसरायचे नाहीत. मेंढरांमागची घरची भटकंती केव्हाच संपली होती. आता ऊस, कांदा आणि दोन गाई. तरी मेंढरांचं वाडगं मोकळं बघवत नाही, असं ते बायकोला, अनसाबाईंना, दिवसाआड ऐकवायचे.

अठ्ठ्याण्णव साली शिरूरची सना त्यांच्याकडे आली. एसटी डेपोतल्या पाशाभाईंची ही मुलगी पुण्यात संशोधन करत होती. तिला सहा मेंढ्या सांभाळणारा माणूस हवा होता. प्रत्येक मेंढीला प्रयोगशाळेतल्या एकेकाचं वेगळं प्रथिन टोचायचं. मेंढीचं शरीर त्या परक्याला ओळखायला शिकतं आणि फक्त त्यालाच जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं रक्तात तयार करतं. ती प्रतिपिंडं वेगळी काढली की पेशीत ते प्रथिन नेमकं कुठं बसलंय ते शोधता येतं.

"माझं प्रथिन हमाल हाय, आबा," सना म्हणाली. "अंगातल्या पेशीपेशीत एक बंद खोली असती, केंद्रक म्हणत्यात तिला. सगळा कारभार तिथनं चालतो. तिला बारीक दारं हायती. ह्यो हमाल बाहेरचा माल त्या दारातनं आत नेतो."

"अशा पेशी किती असत्याल? ह्या एका बोटात?"

"कोट्यवधी."

त्या दिवशी आबा हातात घास धरून नुसते बसून राहिले. अनसाबाईंनी कारण विचारलं. "माझ्या अंगात मार्केट यार्डापेक्षा जास्त वर्दळ हाय," ते म्हणाले, "आन् मला पत्ता न्हाई." अनसाबाईंनी भाकरी निमूट पुढं सरकवली.

आबांच्या वाडग्यात आलेल्या मेंढ्यांच्या कानातले नंबरांचे बिल्ले बाभळीत अडकून कान फाटायला लागले, म्हणून सनानं पाठीवर पिवळ्या रंगानं आकडे टाकले. एक ते सहा. आणि घोळ झाला तो इथंच. पावसाळा सरला की लोकर कातरायची, ही आबांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी प्रेमानं सहाही मेंढ्या कातरून लख्ख केल्या.

दोन दिवसांनी सना बर्फाची पेटी घेऊन आली. वाडग्यात बघते तर सहा उघड्याबोडक्या मेंढ्या, सगळ्या एकसारख्या.

"आबा, आकडे कुठं गेले?"

"पोत्यात. लोकरीसंगं."

सना तिथंच दगडावर बसली. पेटीत तिच्या प्रथिनाचा शेवटचा डोस होता. तो बनवायला वर्ष गेलं होतं, आणि वितळलेला परत गोठवून उपयोग नव्हता. आधीचे डोस जिला दिले त्याच चार नंबरच्या मेंढीला तो आज द्यायचा होता. चुकीच्या मेंढीला गेला तर दोन वर्षांचं काम मातीत जाणार होतं.

हे ऐकून आबा वाडग्यात शिरले. एकेका मेंढीपुढं बसून हनुवटी वर करून बघितली. मग एकीला कवेत धरलं. "ही."

"नक्की?"

"धा माणसांच्या टोप्या काढल्या, तर माणसं वळखू येनात का तुम्हांला?" आबा जरा रागानंच म्हणाले. सनानं सुई टोचली.

पुढं दोन आठवड्यांनी रक्त काढून नेलं, आणि महिन्याभरानं सना आबांना पुण्याला घेऊन गेली. प्रयोगशाळेच्या दारात आबांनी वहाणा काढल्या. काचेवर माणसाच्या पेशी होत्या. त्यांच्यावर मेंढीची प्रतिपिंडं सोडलेली होती आणि ती दिसावीत म्हणून त्यांना हिरवा रंग जोडलेला होता. सनानं आधी स्वतः सूक्ष्मदर्शकातून बघितलं. मग बाजूला होऊन तिनं आबांना बसवलं.

आबांनी पटका सावरला आणि डोळा लावला. काळ्याभोर अंधारात हिरवी कडी तेवत होती. एक, दोन, वीस, पन्नास. सगळी बारीक, रेखीव, गोल. एवढ्या आयुष्यात त्यांनी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

"ही दारं?"

"व्हय. दारादारात हमाल उभा हाय."

"आन् एवढ्या गर्दीत मेंढीच्या रगतानं त्यालाच कसं वळखलं?"

"त्याच्या आकारावरनं. त्याची वळणं, खाचाखोचा."

"म्हंजी तोंडावरनंच की," आबा म्हणाले. सना हसली, आणि हसताहसता तिचे डोळे भरून आले.

"आबा, खरं सांगू? त्या दिवशी माझा तुमच्यावर इस्वास नव्हता. दुसरा इलाज नव्हता म्हणून टोचलं."

आबांनी डोळा भिंगावरून काढला नाही.

"माझा बी नव्हता, पोरी," ते म्हणाले. "कातरल्यावर ती आन् दुसरी एक, दोघी अगदी सारख्या दिसत व्हत्या. तवापास्नं घास गिळला न्हाई मी."