पंपाची पितळी पाटी

"ये पंप है या घर का दामाद? जब देखो खातिरदारी." साहेबांनी फाईल माझ्याकडे ढकलली.

मी तेव्हा झाशीला रेल्वेच्या अकाउंट्समध्ये बाबू होतो. वाफेच्या इंजिनांचे दिवस. माझ्या टेबलावर फायलींची चळत इतकी, की पलीकडच्या मिश्राजींचं लग्न झाल्याचं मला त्यांचा मुलगा शाळेत जायला लागल्यावर कळलं.

भानगड लोको शेडच्या पंपाची. इंजिनांचं पाणी तोच चढवायचा. त्याच्या दुरुस्त्यांनी शेडचा ऑपरेटिंग एक्स्पेंडिचर, म्हणजे चालू खर्च, फुगला होता. सोपं सांगतो. घर बांधलंत, ते कॅपिटल. रोजचं पीठमीठ, गड्याचा पगार, गळक्या नळाची दुरुस्ती, हा चालू खर्च. पीठमीठ फोरमनच्या सहीवर मिळतं. कॅपिटलचा अर्ज वर जातो आणि बहुधा तिथेच रिटायर होतो.

फोरमन दुबेजी स्वतः सहा महिन्यांत रिटायर व्हायचे होते. साहेबांना त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका ठेवायचा होता. तो बसला की पेन्शन अडकणार. कागद मीच तयार करायचा.

जूनची दुपार. ऊन असं, की रुळावर पोळी टाकली तर उलटायच्या आत करपावी. शेडात पोचेपर्यंत माझं वजन निम्मं झालं. दुबेजी पंपाजवळ बसले होते.

"सिलिंडर कब बदला?"

"दो साल हुए."

"पिस्टन?"

"उसके पहले."

"व्हॉल्व, पाइप?"

"धीरे-धीरे सब, भैया."

"तो पुराना क्या बचा?"

दुबेजींनी गमछ्यानं मान पुसली. "बस, ये प्लेट."

पितळेची, नंबर आणि साल कोरलेली पाटी. नवा पंप मिळेना, म्हणून या माणसानं दुरुस्तीच्या नावाखाली तुकड्यातुकड्यानं नवा पंप उभा केला होता. त्या खर्चात दोन आले असते.

"नया माँगा नहीं?"

"हर साल माँगा."

पाटी काढून मी साहेबांपुढे ठेवली. शेजारी दुबेजींचे सगळे अर्ज. प्रत्येकावर शेरा, 'नॉट रिक्वायर्ड', आणि खाली साहेबांचीच सही.

साहेबांनी अर्जांवर फाईल उपडी ठेवली.

"फाईल बंद करो, बाबू."

दुबेजींना पेन्शन मिळाली. पुढे नवा पंप मंजूर झाला. तो आला तसा जुना भंगारात गेला, कारण परत बसवलेल्या पाटीवरून त्याचं वय झालं होतं. खरं तर तो नव्यापेक्षा बरा चालत होता.

तेव्हापासून कुणाचा चालू खर्च फुगलेला दिसला, की मी आधी नामंजूर अर्जांची फाईल मागवतो. ती नेहमी जास्त जाड असते.