आबा मला 'तुम्ही' म्हणाले

मंडळी, दुपारपासून कामात लक्ष लागेना, म्हणून इथं लिहितोय. या कम्युनिटीत निम्मे तरी माझ्यासारखे खेड्यातून येऊन शहरात स्थिरावलेले असतील.

राजारामपुरीत माझा दवाखाना आहे. आज पेशंटच्या रांगेत, अगदी शेवटच्या बाकावर वडील दिसले. हातकणंगल्याजवळच्या गावातून एसटीनं एकटेच आलेले, नंबर लावून बसलेले.

"आबा, सरळ आत यायचं की!"

मला बघून ते चक्क उठून उभे राहिले. "तुमचा खोळंबा नको म्हटलं."

तुमचा? जन्मभर मला 'ए लेका' म्हणून हाक मारणारा माणूस हा!

तपासताना काखेत लिंबाएवढी गाठ हाताला लागली. "कधीपासनं हाय ही?" माझ्या तोंडून आपोआप गावची बोली आली.

"दिवाळीपासनं. तुमच्या घरी आलो तवाच सांगणार हुतो. पण तुमच्याकडं मोठी माणसं बसलेली. तुम्हीच म्हणाला न्हवं, 'आबा, जरा आतल्या खोलीत बसा.'"

मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. गाठ कसली असावी, ते मला कळलंय. आबांना अजून सांगितलेलं नाही.

तुमचे वडील तुम्हाला काय म्हणतात? आजच फोन करा आणि नीट ऐका.