बाटलीवरची पेन्सिलची रेघ

ही हकीकत सांगायची मी आठ वर्षं टाळत आलो. चाळीतलं जुनं कुणी भेटलं आणि दत्ताराम नाबरचा विषय निघाला, की मी घड्याळ बघायचो, नाहीतर समोरच्याच्या गुडघ्याची चौकशी सुरू करायचो. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. नाबर गेला. त्याच्याबद्दल लोकांच्या मनात जे राहिलंय ते खोटं आहे आणि ते माझ्यामुळे राहिलंय. म्हणून हे लिहितोय.

नाबरच्या बोटांना ठसे नव्हते. रेशनच्या दुकानात मशीनवर तो दहाही बोटं एकामागून एक टेकवायचा आणि मशीन दर वेळी नकार द्यायचं. मागे रांग खोळंबलेली असायची. तो मात्र शांतपणे म्हणायचा, "मी या मशीनला दिसतच नाय रे. तेलानं सगळं पुसून टाकलं." डॉक्टर म्हणाले होते की वयानंही असं होतं. नाबरला ते पटलं नाही. रे रोडच्या एका गोदामात तो जन्मभर स्टोअरकीपर होता. तिथे लवंग, दालचिनी, जायफळ यांच्या तेलांची पिंपं यायची. गोदाम सुटलं तरी लवंगेचा वास त्याच्या शर्टांना होताच.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर शेवटची खोली त्याची आणि तिच्या अलीकडची माझी. त्याची बायको लवकर गेली होती, मूल नव्हतं. रोज दुपारी चारला मी त्याच्याकडे चहाला जायचो. एकट्या माणसाला कधी काय होईल सांगता येत नाही, म्हणून त्याच्या खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे खिळ्याला टांगलेली असायची.

डिसेंबर लागला, की त्याच्या दाराबाहेर दोन स्टुलं यायची. कुणाची दाढ ठणकत असायची, कुणाचा गुडघा आखडलेला असायचा. नाबर पैसे घेत नसे, पण सहजासहजी तेलही देत नसे. आधी चौकशी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे? मग नाही. पोटुशी आहे? नाही. लहान मुलासाठी हवंय? अजिबात नाही. "पोराच्या पोटात थेंबभर गेलं तर माझ्याकडे येऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा," असं तो बायकांना दर वर्षी नव्यानं बजावायचा. मग दोन मोठ्या पळ्या तिळाच्या तेलात लवंगेच्या तेलाचा एक थेंब. एकच. त्यातलं बोटभर कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा आणि माणसाला घरी पाठवायचा.

"आज पाय दुखतोय हो, नाबर," एखादी म्हातारी कुरकुरायची.

"उद्या ये. दुखणं काय गाव सोडून जात नाय."

दुसऱ्या दिवशी कोपर लाल झालेलं नसेल, खाज सुटलेली नसेल, तरच तेल. दाढेलासुद्धा तेच पातळ केलेलं तेल, कापसाच्या बोळ्यावर. आणि वर ठरलेलं वाक्य, "ही फक्त डेंटिस्टकडे जाईपर्यंतची सोय हां."

मूळ तेलाची काळी बाटली तो कुणाच्याच हातात देत नसे. तिच्यावर कागदाची उभी पट्टी चिकटवलेली होती. तेल काढलं, की जिथवर उरलं तिथे तो पेन्सिलीनं रेघ मारायचा. ती गोदामातली सवय. मी त्याला हसायचो. "अरे, इथे कोण ऑडिटला येणार आहे?" तो म्हणायचा, "नुसतं तेल म्हणजे निखारा. निखारा घरात ठेवायचा, तर तो किती आहे ते माहीत पाहिजे."

मी गिरगावातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं सहायक होतो. ॲसिडच्या बाटल्या हाताळलेला माणूस. नाबरचं ते "एकच थेंब" आणि "उद्या ये" मला फाजील वाटायचं, हे मान्य केलं पाहिजे.

त्या डिसेंबरात सुमतीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, उजवा गुडघा धरला. रविवारी दादरला तिच्या भाच्याचं लग्न होतं. तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला मुलगा. तिला उभं राहून अक्षता टाकायच्या होत्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. नाबरनं तिच्या कोपराला तेल लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिथे रुपयाएवढा लाल चट्टा उठला.

"वहिनी, लवंगेचं आणि तुमचं जमत नाय," तो म्हणाला. "नुसतं तिळाचं कोमट करून चोळा. लग्नात खुर्ची मागून घ्या, लाजू नका."

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, जरासा तर चट्टा आहे. गुडघ्याची कातडी जाड असते."

"नाय म्हणजे नाय. तू तुझी प्रयोगशाळा मला सांगू नको."

तो गमतीनं म्हणाला होता. मला ते लागलं.

शनिवारी सकाळी तो तिळाचं तेल आणायला लालबागला गेला. मी खिळ्यावरची किल्ली काढली, त्याची खोली उघडली आणि काळ्या बाटलीतलं तेल वाटीत ओतलं. मोजलं नाही. घरी येऊन त्यात थोडंसं तिळाचं घातलं आणि सुमतीला म्हणालो, "नाबरनं दिलंय." तिच्या गुडघ्याला चोळलं. ऊब टिकावी म्हणून वर लोकरीची पट्टी करकचून बांधली.

पंधरा-वीस मिनिटांत ती कळवळायला लागली. मी पट्टी सोडून वर पाणी ओतलं. तेल पाण्यानं जात नाही, उलट पसरतं. आधी साध्या तेलाच्या बोळ्यानं पुसायचं आणि मग साबण लावायचा, हे नाबरनं माझ्यासमोर पन्नासदा सांगितलं होतं. ऐन वेळी मला काही आठवलं नाही. दुपारपर्यंत फोड आले. रविवारी भाच्याचं लग्न लागलं तेव्हा सुमती पाय उशीवर ठेवून घरी पडलेली होती.

आमचा मुलगा प्रसाद ठाण्याहून आला तो तडक नाबरच्या दारात गेला. गॅलरीत माणसं जमली.

"काका, तुम्ही डॉक्टर आहात का? आईच्या पायाची काय दशा केलीत ते येऊन बघा."

नाबरनं वळून कपाट उघडलं आणि बाटली खिडकीच्या उजेडात धरली. पेन्सिलची रेघ वर होती, तेल तिच्या दोन बोटं खाली. त्यानं ते पाहिलं आणि मग प्रसादच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या दाराची कडी धरून उभा होतो.

"चुकलं, प्रसाद," तो म्हणाला. "आता घरचं काही लावू नका. डॉक्टर सांगतील तेवढंच."

त्यानं स्टुलं उचलून आत नेली. ती पुन्हा बाहेर आली नाहीत. "नाबरकडे जाऊ नको, सालटं काढून देईल," अशी चाळीत थट्टा सुरू झाली. पुढच्या डिसेंबरात लोकांना तीही करावीशी वाटली नाही, कारण त्याच्याकडे कुणी जातच नव्हतं. मीही चहाला जायचं सोडलं. सुमतीला राग आहे, हे निमित्त मला पुरलं. तीन वर्षं रोज चारच्या सुमाराला त्याचं दार अर्धवट उघडायचं. स्टोव्हचा आवाज यायचा, मग एकाच कपाचा. साडेचारला दार लागायचं. मधल्या भिंतीतून मला हे सगळं ऐकू येत असे.

गेल्या आठवड्यात मी सुमतीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं ताट बाजूला सारलं. मग ती म्हणाली, "तीन वर्षं मी त्यांच्या दारावरून तोंड फिरवून गेले. तुम्ही मला जाऊ दिलंत." एवढं बोलून ती आत गेली. प्रसादला मी हाच कागद पाठवणार आहे.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा नाबर कुडाळला बहिणीकडे राहायला निघाला. तिथेच चार महिन्यांत तो गेला. निघायच्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. सुमती बाजारात गेली होती.

"किल्ली दे रे. खोलीचा ताबा देताना दोन्ही लागतात."

मी खिळ्यावरून किल्ली काढली. ती त्याच्या हातात ठेवताना माझी बोटं त्याच्या गुळगुळीत बोटांना लागली. त्यानं पिशवीतून ती काळी बाटली काढून माझ्या हातात दिली.

"गावी कुठे नेऊ? तुझी दाढ अधूनमधून ठणकते ना, तुला होईल. पातळ करून लाव. वहिनींना नको."

कागदाच्या पट्टीवर रेघ तिथेच होती. तेल दोन बोटं खाली. तीन वर्षांत त्यानं बाटलीला हात लावला नव्हता, आणि त्या दोन बोटांसाठी नवी रेघही मारली नव्हती.

"वहिनींचा पाय बरा आहे ना आता?"

"बरा आहे. डाग राहिलाय."

"राहणारच," तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला. खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. नाबर हलला नाही. तो माझ्यासाठी थांबला होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, "सावकाश उतर. दुसऱ्या मजल्यावरची पायरी तुटलीय."

"माहीत आहे रे," तो म्हणाला आणि कठडा धरून उतरू लागला.

म्हणायचं होतं ते एवढंच होतं. दत्ता, त्या शनिवारी तुझी किल्ली मी वापरली. तेल मी काढलं, मी लावलं, आणि तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मी गप्प बसलो. मला माफ कर.